मेंढ्यांचे संथ आजार : मेडी आणि विस्ना

मेडी आणि विस्ना हे मेंढ्यांचे दोन जीवघेणे आजार आहेत आणि दोन्हींचा विषाणू एकच आहे. तो फुप्फुसात मुरला की मेडी होतो, मेंदू आणि मज्जारज्जूत शिरला की विस्ना. दोन्ही नावे आइसलँडच्या शेतकऱ्यांकडून आली आहेत; पहिल्याचा अर्थ धाप, दुसऱ्याचा खंगणे. लागण झालेली मेंढी दोन, तीन, कधी त्याहूनही जास्त वर्षे धडधाकट दिसते. ती चरते, गाभण राहते, कोकरांना पाजते, बाजारात चांगल्या किमतीला विकलीही जाते. या सगळ्या काळात विषाणू तिच्या अंगात असतो आणि तिच्यापासून इतरांना लागत असतो. एकदा लक्षणे दिसू लागली की ती वाचत नाही.

देवी किंवा आंत्रविषार कळपात शिरला तर मेंढपाळाला चार दिवसांत कळते. मेडीचे तसे नाही. रोग कधी आला हे कोणाच्याच लक्षात येत नाही आणि लक्षात येते तेव्हा निम्मा कळप हातचा गेलेला असतो. याच संथपणामुळे एका छोट्या, गरीब देशाचे शेतकरी देशोधडीला लागायची वेळ आली. त्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी मग वैद्यकाला एक नवी कल्पना दिली आणि ती पुढे एड्स समजून घेताना कामी आली.

आइसलँडमध्ये माणसांची वस्ती नवव्या शतकात झाली. नॉर्वेकडून आलेल्या वसाहतकऱ्यांनी गलबतांतून मेंढ्याही आणल्या. त्यानंतर सुमारे हजार वर्षे त्या मेंढ्यांत बाहेरचे रक्त फारच थोडे मिसळले. १९३०च्या सुमारास देशाची लोकसंख्या जेमतेम सव्वा लाखाच्या आत होती आणि मेंढ्या सुमारे सात लाख. जिथे गहू पिकत नाही आणि झाडे विरळ आहेत, तिथे मांस आणि लोकर या मेंढ्यांचेच. पण इतका काळ एकटे राहिल्याने युरोपातल्या अनेक रोगांशी या जनावरांची कधी गाठच पडलेली नव्हती.

१९३३ साली जर्मनीतल्या हाले येथून वीस काराकुल मेंढ्या आइसलँडमध्ये आणल्या गेल्या. काराकुल ही मध्य आशियातली जात. तिच्या नवजात कोकरांच्या कुरळ्या, चकचकीत कातड्याला त्या काळी युरोपात मोठा भाव होता. स्थानिक मेंढ्यांशी संकर करून शेतकऱ्यांना चार पैसे जास्त मिळावेत, असा सरळ हेतू होता. खबरदारीही घेतली होती. आलेली जनावरे रेक्याविकजवळच्या थेर्ने नावाच्या बेटावर दोन महिने वेगळी ठेवली. त्यांत आजाराचे एकही चिन्ह दिसले नाही, म्हणून ती देशभरातल्या चौदा ठिकाणी वाटून दिली. ज्या रोगाला उघड व्हायला वर्षे लागतात, त्याला दोन महिन्यांची निगराणी काय पकडणार? त्या वीस मेंढ्यांबरोबर मेडी-विस्ना आला, फुप्फुसांचा कर्करोग करणारा जागसिक्टे आला आणि आतड्यांचा पॅराट्यूबरक्युलोसिसही आला. एका खरेदीत तीन साथी, तिन्ही संथ.

पहिला उघड झाला जागसिक्टे. पश्चिमेकडच्या बोर्गारफ्योर्दुर भागात देइल्दारतुंगा या शेतावर एक काराकुल मेंढा गेला होता. तिथल्या मेंढ्या वर्ष-दीड वर्षात धापा टाकत मरू लागल्या. त्याच गडबडीत मेडी आत शिरलेला कोणाच्या ध्यानात आला नाही, कारण दोन्हींत धाप हेच ठळक लक्षण. हा वेगळा रोग आहे हे १९३९ साली ओळखले गेले. तोवर काराकुल येऊन सहा वर्षे झाली होती आणि रोग कितीतरी कळपांत पोचला होता. मागाहून माग काढत गेल्यावर सगळा मेडी त्या चौदांपैकी दोनच ठिकाणांहून निघाल्याचे दिसले. नाकातून पाणी गळत नाही म्हणून शेतकरी मेडीला कोरडी धाप म्हणू लागले आणि जागसिक्टेला ओली.

तिथल्या मेंढपाळीची रीतच रोगाला सोयीची ठरली. उन्हाळ्यात अनेक गावांच्या मेंढ्या उंचावरच्या सामाईक कुरणांवर मोकळ्या सोडत. सप्टेंबरमध्ये घोड्यांवरून जाऊन त्या हाकून आणायच्या, मोठ्या वर्तुळाकार कोंडवाड्यांत घालायच्या आणि कानाच्या खुणा पाहून ज्याच्या त्याला द्यायच्या. हा तिथला सणासारखा दिवस असे आणि आजही असतो. मग हिवाळाभर जनावरे कोंदट गोठ्यांत अंगाला अंग लावून उभी. विषाणू पसरण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत: आईच्या चिकातून आणि दुधातून कोकराला, आणि श्वासावाटे उडणाऱ्या तुषारांतून शेजारच्या मेंढीला. त्या गोठ्यांत दोन्ही मार्ग खुले होते.

मेडीची सुरुवात अगदी साधी वाटते. कळप चालवताना एखादी तीन-चार वर्षांची मेंढी मागे राहू लागते. चढावर थांबते, तोंड उघडून श्वास घेते. खाणे चांगले असूनही अंग उतरते, पाठीचा कणा हाताला लागतो. काही आठवड्यांनी ती बसूनही धापा टाकते आणि प्रत्येक श्वासाला नाकपुड्या फुलतात, मान पुढे ताणली जाते. कोरडा खोकला असतो, ताप बहुधा नसतो. लक्षणे दिसल्यापासून साधारण तीन ते आठ महिन्यांत ती मरते. गाभण असेल किंवा थंडी-पावसात सापडली तर त्याआधीच. पुष्कळदा शेवटचा घाव जिवाणूंचा न्यूमोनिया घालतो, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला मूळ कारण दिसतच नाही.

खरी ओळख पटते ती मेलेल्या मेंढीची छाती उघडल्यावर. निरोगी फुप्फुस छाती उघडताच आक्रसते. मेडीचे फुप्फुस तसेच फुगलेले राहते आणि त्यावर फासळ्यांचे ठसे उमटलेले दिसतात. त्याचा नेहमीचा गुलाबी रंग जाऊन करडा, फिकट तपकिरी रंग आलेला असतो. हाताला ते रबरासारखे लागते. निरोगी मेंढीच्या फुप्फुसांचे वजन अर्ध्या किलोच्या आत असते, मेडीत ते दीड-दोन किलोंपर्यंत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली हवेच्या पोकळ्यांमधले पडदे जाड झालेले आणि पांढऱ्या पेशींनी खच्चून भरलेले आढळतात. पडदाच जाड झाल्यावर प्राणवायू रक्तापर्यंत पोचणार कसा? वजनाने चौपट झालेल्या फुप्फुसात श्वास मात्र पुरत नाही.

विस्ना त्या मानाने कमी मेंढ्यांना होतो. जिथे मेडी आहे अशाच कळपांत तो आढळला. मागच्या पायात काहीतरी बिघडले आहे, एवढेच आधी जाणवते. मेंढी वळताना अडखळते, खुराचा सांधा आत दुमडतो. ओठ बारीक थरथरतात, डोके एका बाजूला कलते. हळूहळू मागचे पाय लुळे पडतात आणि शेवटी ती उठू शकत नाही. पण शुद्ध शेवटपर्यंत शाबूत असते. चारा तोंडाशी दिला तर ती खाते, माणसाकडे पाहते. हे कित्येक महिने, कधी वर्षभर चालते. मेंदूच्या पोकळ्यांभोवती दाह होतो आणि मज्जातंतूंवरचे संरक्षक आवरण जागोजागी झडते. माणसांच्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही हेच आवरण झडते, म्हणून १९५०च्या दशकापासून मज्जासंस्थेच्या अभ्यासकांचे विस्नाकडे लक्ष लागले.

आइसलँडमधल्या बाधित कळपांत दरवर्षी शंभरातल्या पंधरा ते तीस मेंढ्या मेडीने जात. दोन-चार वर्षे असे झाले की कळप नव्याने उभा करण्याइतकी कोकरेही उरत नसत. एकूण लाखावर मेंढ्या रोगाने मेल्या. औषधे निरुपयोगी ठरली. आजारी तेवढ्या मारून पाहिल्या, त्यानेही काही साधले नाही, कारण निरोगी दिसणाऱ्यांतच रोग लपलेला होता. रक्ताची विश्वासार्ह चाचणी तेव्हा नव्हती. शेवटी देशाने अत्यंत कठोर मार्ग धरला.

आधी देशाचे तुकडे पाडले. नद्या, हिमनद्या आणि शेकडो किलोमीटर तारेची कुंपणे यांच्या आधाराने प्रदेश एकमेकांपासून तोडले. मग १९४४ ते १९५४ या दहा वर्षांत एकेका विभागातल्या झाडून सगळ्या मेंढ्या कापल्या, आजारी असोत वा नसोत. ही संख्या सुमारे साडेसहा लाख भरते. त्यानंतर तो भाग वर्षभर मेंढ्यांवाचून रिकामा ठेवायचा आणि मगच वायव्येकडच्या वेस्टफ्योर्ड भागासारख्या रोगमुक्त पट्ट्यांतून कोकरे आणून कळप पुन्हा उभा करायचा. सरकारने भरपाई दिली. पण ज्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची पैदास कसायाकडे गेली, त्या घराचे नुकसान पैशात भरून निघणारे नव्हते. काही ठिकाणी रोग पुन्हा उसळला आणि पुन्हा सगळा कळप कापावा लागला. जागसिक्टे १९५२ पर्यंत संपला. मेडीचा अखेरचा रुग्ण १९६५ साली सापडला. एवढ्या पसरलेल्या रोगाचा लस नसताना, औषध नसताना संपूर्ण नायनाट झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकात फार थोडी आहेत. निर्णय निर्दय होता, पण तो घेणाऱ्यांपाशी दुसरा मार्ग नव्हता.

या लढाईचे वैज्ञानिक केंद्र होते रेक्याविकच्या सीमेवरची केल्दुर ही संस्था. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने ती १९४८ साली सुरू झाली आणि ब्योर्न सिगुर्दसन हे तिचे पहिले संचालक झाले. १९१३ साली जन्मलेले सिगुर्दसन डॉक्टर होते. त्यांनी अमेरिकेत विषाणूंचे काम शिकून घेतले होते. मार्च १९५४ मध्ये लंडन विद्यापीठात त्यांनी व्याख्याने दिली. मेडी, पॅराट्यूबरक्युलोसिस आणि रिदा हे मेंढ्यांचे तीन आजार त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि या सर्वांसाठी संथ संसर्ग असा एक स्वतंत्र वर्ग मांडला.

तोवर संसर्गाचे दोन प्रकार मानले जात. तीव्र संसर्ग झपाट्याने येतो आणि रोगी बरा होऊन किंवा मरून संपतो. जुनाट संसर्ग वर्षानुवर्षे कमी-जास्त होत रेंगाळतो आणि त्याचा पुढचा प्रवास सांगता येत नाही. सिगुर्दसनांचे म्हणणे असे की संथ संसर्गाचा प्रवास तीव्र संसर्गाइतकाच ठरीव असतो, फक्त दिवसांच्या जागी महिने आणि वर्षे धरायची. कित्येक महिने ते वर्षे लक्षणांवाचून जातात आणि लक्षणे आली की रोग ठरलेल्या वाटेने बहुधा मृत्यूपर्यंत जातो. एकाच जातीच्या प्राण्यात आणि एकाच अवयवात तो मर्यादित राहतो, असेही त्यांनी नोंदवले; मात्र हा भाग पुढे बदलावा लागेल हेही तेव्हाच सांगून ठेवले. तसेच झाले. त्यांनी निवडलेल्या तीन आजारांची कारणे तीन तऱ्हेची निघाली: मेडीचे विषाणू, पॅराट्यूबरक्युलोसिसचे जिवाणू, आणि रिदाचे प्रिऑन नावाचे बिघडलेले प्रथिन. रोग घडवणारे इतके निराळे, तरी घडण्याची चाल एक. सिगुर्दसनांनी ती चाल बरोबर हेरली, हे त्यांचे मोठेपण.

१९५७ साली सिगुर्दसन, पाउल पाउल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्नाचा पहिला सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. विस्नाने मेलेल्या मेंढीच्या मेंदूचा गाळलेला अर्क निरोगी मेंढीच्या मेंदूत टोचला तर तिलाही विस्ना होतो, हे त्यांनी दाखवले. लवकरच हल्दोर थोर्मार यांच्याबरोबर हा विषाणू प्रयोगशाळेत, मेंढीच्या पेशींवर वाढवण्यात यश आले. सिगुर्दसन त्यानंतर फार काळ जगले नाहीत. १९५९ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मेडी आणि विस्ना यांचे मूळ एकच आहे, हे ठरवण्याच्या कामात मार्ग्रेत गुद्नादोत्तिर यांचा मोठा वाटा होता. १९६९ साली आइसलँड विद्यापीठात प्राध्यापकपदी नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू प्राण्यांत गाठी निर्माण करणाऱ्या आरएनए विषाणूंसारखा दिसत होता. त्या साम्याचा उलगडा १९७० मध्ये झाला. त्या वर्षी हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी, स्वतंत्रपणे, आरएनएवरून डीएनए घडवणारे विकर शोधले आणि त्याच वर्षी विस्नाच्या विषाणूतही ते सापडले. म्हणजे हा विषाणू पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएची डीएनए प्रत तयार करतो आणि ती पेशीच्या गुणसूत्रात कायमची गुंफून टाकतो. एकदा असे झाले की ती पेशी असेतोवर विषाणूही असतोच.

तो ज्या पेशी निवडतो त्यांत त्याच्या संथपणाचे रहस्य आहे. रक्तातून फिरणाऱ्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींत तो शिरतो, पण तिथे जवळजवळ मुका राहतो. स्वतःची प्रथिने बनवत नाही. त्यामुळे प्रतिकारशक्तीला ती पेशी बाधित असल्याचे कळत नाही. मोनोसाइट फुप्फुसात, मेंदूत, कासेत किंवा सांध्यात जाऊन स्थिरावतात आणि त्यांच्या मॅक्रोफेज पेशी होतात. तिथे विषाणू जागा होतो. शत्रूच्या लाकडी घोड्यात लपून किल्ल्यात शिरणाऱ्या सैनिकांची उपमा अभ्यासकांनी याला दिली, ती अगदी चपखल आहे. मेंढीच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात, पण लपलेल्या विषाणूपर्यंत ती पोचत नाहीत. शिवाय विषाणूचे बाह्यरूपही बदलत राहते.

यापुढची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. फुप्फुसाची किंवा मेंदूची जी नासधूस होते ती बरीचशी विषाणूने स्वतः केलेली नसते. त्याला हुसकावण्यासाठी जमलेल्या मेंढीच्याच पांढऱ्या पेशी ती करतात. १९७०च्या दशकात विस्नाची लागण केलेल्या मेंढ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी उपचारपद्धती देऊन पाहिली, तेव्हा मेंदूतली सुरुवातीची इजा कमी झाली. लस का जमत नाही याचे एक उत्तर यात आहे. प्रतिकारशक्ती चेतवणे या रोगात धोक्याचे ठरू शकते.

१९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्युक माँतान्ये यांच्या गटाने एड्सचा विषाणू वेगळा केला. तो कोणत्या कुळातला, हा वाद काही काळ चालला. १९८५ मध्ये विस्नाच्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना वाचली गेली आणि दोघांचे नाते पक्के झाले. दोघेही लेंटिव्हायरस, म्हणजे संथ विषाणू, या गटातले. माणसातल्या नव्या रोगाची वर्षानुवर्षे न दिसणारी लागण, गुणसूत्रात दडून बसणे, मेंदूपर्यंत पोचणे, यांतले पुष्कळसे मेंढीत आधीच अभ्यासले गेले होते. फरकही मोठा आहे. एचआयव्ही प्रतिकारशक्तीच्या मुख्य टी पेशी मारतो. मेंढीचा विषाणू त्या मारत नाही, म्हणून मेंढीला एड्ससारखा आजार होत नाही. माणसाला या विषाणूची बाधा होत नाही.

काराकुलांबरोबर आलेला जागसिक्टेही रेट्रोव्हायरसमुळेच, म्हणजे आरएनएवरून डीएनए घडवणाऱ्या विषाणूमुळेच होतो, पण त्याचे कुळ वेगळे. त्याच्या बाह्य आवरणातले प्रथिनच फुप्फुसातल्या पेशींना कर्करोगाकडे ढकलते. फुप्फुसात इतका द्रव साचतो की मेंढीचे मागचे पाय उचलून डोके खाली केले तर नाकातून तो धारेने वाहतो. पशुवैद्य याच युक्तीने रोग ओळखत आले आहेत. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत १९९६ साली जन्मलेली, क्लोनिंगने घडवलेली डॉली याच रोगाने ग्रासली होती. १४ फेब्रुवारी २००३ रोजी तिला कायमचे झोपवावे लागले. हा आजार तिच्या कळपातल्या इतर मेंढ्यांतही होता. क्लोनिंगशी त्याचा संबंध आढळला नाही.

मेडीचा विषाणू जगाच्या बहुतेक मेंढीपालक देशांत आहे. दक्षिण आफ्रिकेत १९१५ साली आणि अमेरिकेतल्या माँटानात १९२३ साली अशाच आजाराची वर्णने झाली होती, म्हणजे आइसलँडच्या साथीच्याही आधी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आइसलँड त्यापासून मुक्त आहेत. शेळ्यांत त्याचा जवळचा भाऊबंद आढळतो. तो मोठ्या शेळ्यांच्या पुढच्या गुडघ्यांना सूज आणतो आणि करडांना मेंदूदाह करतो. दोन्ही विषाणू मेंढीतून शेळीत आणि शेळीतून मेंढीत जाऊ शकतात, म्हणून आता त्यांचा एकत्रच विचार केला जातो. दोघांमुळे कासही कडक होते. वरून सूज नाही, दूध नासलेले नाही, फक्त विल्यावर पान्हा कमी आणि कोकरे उपाशी. नेहमीची दगडी समजून प्रतिजैविके दिली जातात आणि त्यांचा उपयोग होत नाही.

भारतातही या गटातल्या विषाणूंच्या आणि जागसिक्टेच्या नोंदी झालेल्या आहेत. पण पीपीआर, देवी, आंत्रविषार यांसारखे झटपट मारणारे रोग समोर असताना चार वर्षांची रोडावलेली मेंढी विकून मोकळे होणे हाच इथल्या मेंढपाळाचा व्यवहार असतो. ती मेंढी दुसऱ्याच्या कळपात गेली तर विषाणूही तिच्याबरोबर जातो. महाराष्ट्रात मोकळ्यावर बसणारे फिरते कळप कोंदट गोठ्यापेक्षा सुरक्षित, कारण श्वासातून लागण व्हायला दाटी लागते. परदेशी जातींची आयात, संकर-पैदाशीची केंद्रे आणि बंदिस्त शेळीपालन जिथे वाढते, तिथे हे संरक्षण उरत नाही.

नियंत्रणासाठी आता रक्ताची चाचणी आहे. एलायझा पद्धतीने प्रतिद्रव्ये शोधता येतात, पीसीआरने विषाणूची जनुके. मात्र प्रतिद्रव्ये तयार व्हायला काही आठवडे ते महिने लागतात, म्हणून एका चाचणीवर भागत नाही. सगळा कळप ठराविक काळाने पुन्हा पुन्हा तपासावा लागतो आणि बाधित जनावरे काढावी लागतात. मौल्यवान पैदाशीत कोकरू जन्मताच आईपासून वेगळे करून गायीचा किंवा गरम करून निर्जंतुक केलेला चीक पाजला जातो. नवीन मेंढा आणायचा तर वारंवार तपासलेल्या कळपातूनच. टीएमईएम१५४ या जनुकाच्या काही रूपांमुळे मेंढ्यांना लागण कमी होते असे २०१२ साली दिसून आले. अमेरिकेतले काही पैदासकार तेव्हापासून मेंढा निवडताना त्या जनुकाची तपासणी करून घेतात.